कळसूबाईवर ओतलेली बाटली कोणत्या समुद्रात जाते?

लेकीचा बाबा (ठाणे)

मंडळी, नमस्कार. प्रश्न माझ्या नववीतल्या मुलीचा आहे, मी फक्त टाइप करतोय. ती शेजारी बसून ऱ्हस्व-दीर्घ तपासते आहे.

मागच्या महिन्यात आम्ही दोघं एका ट्रेकिंग ग्रुपबरोबर कळसूबाईला गेलो होतो. रात्री अडीचला पायथ्याच्या बारी गावातून निघालो, टॉर्चच्या उजेडात लोखंडी शिड्या चढलो आणि उजाडायच्या सुमाराला वर पोचलो. गार वारा असा की देवळाच्या भिंतीला पाठ लावून उभं राहिलं तरी दात वाजत होते. तिथे ग्रुपच्या म्होरक्याने भाषण ठोकलं, की आपण सह्याद्रीच्या माथ्यावर उभे आहोत, पश्चिमेला पडलेला थेंब अरबी समुद्रात जातो आणि पूर्वेला पडलेला बंगालच्या उपसागरात. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आमच्या बाईसाहेबांनी काय करावं? बाटलीतलं अर्धं पाणी पश्चिमेच्या कडेला ओतलं, चार पावलं चालून उरलेलं पूर्वेला ओतलं, आणि दोन्हीचे फोटो काढले. उतरताना प्यायला थेंब नाही. विहिरीपाशी येईपर्यंत माझी जीभ टाळूला चिकटली होती, पण ते सोडा.

घरी आल्यावर तिने भूगोलाच्या प्रकल्पात दोन बाण काढले. मग नीट रंगवायला म्हणून फोनवर नकाशा मोठा करून पश्चिमेच्या बाणाची नदी शोधायला बसली. तासभर शोधलं, सापडेना. शिखराच्या आजूबाजूची प्रत्येक निळी रेघ थोडी इकडेतिकडे भटकते आणि शेवटी पूर्वेलाच वळते. कोकणात एकही उतरत नाही. शाळेत विचारलं तर उत्तर मिळालं, 'सह्याद्री हा जलविभाजक आहे, बाण बरोबर आहेत, मार्क मिळतील.' मार्क मिळतीलच हो, पण तिला बाटलीचं काय झालं ते हवंय.

तर मुख्य प्रश्न हा. आणि त्याला जोडून तिचा दुसरा : कळसूबाई जर त्या वाटणीच्या रेषेवर नसेल, तर सगळ्यात उंच डोंगर रेषा सोडून भलतीकडे कसा? छत सगळ्यात उंच असतं तिथूनच पाणी दोन्हीकडे जातं ना?

तिसरा प्रश्न वेळ असेल तर. येताना कसारा घाटात रस्त्याच्या कापात काळ्या दगडाच्या मधोमध विटकरी रंगाचा पट्टा दिसला. तो काय?

अनवाणी

शाळेत सांगितलं तेच बरोबर. सह्याद्री म्हणजे जलविभाजक, हे आपण सगळे लहानपणी शिकलो. कळसूबाई सह्याद्रीतलं सर्वोच्च शिखर. म्हणजे तिथूनच वाटणी होणार. फोनवरच्या नकाशात ओढे नाले सगळे थोडेच दाखवतात!

पाटकरी (संगमनेर)

अनवाणीसाहेब, राग मानू नका, पण दोन वाक्यांत दोन घोळ आहेत. कळसूबाई महाराष्ट्रातलं सर्वोच्च शिखर, १६४६ मीटर. आख्ख्या पश्चिम घाटाचा मान केरळातल्या अनाईमुडीचा, २६९५ मीटर. हा लहान घोळ. मोठा घोळ असा, की उंच असणं वेगळं आणि पाणी वाटणं वेगळं. मुलीचा नकाशा खरा आहे. दोन्ही अर्ध्या बाटल्या बंगालच्या उपसागरात. म्हणजे जातील तर जातील. ओतलेलं पाणी कातळानेच पिऊन टाकलं असणार.

माझी नोकरी पाटबंधाऱ्याच्या सर्वेक्षणात गेली. त्यातली बरीच वर्षं अकोले आणि इगतपुरी या दोन तालुक्यांत डम्पी लेव्हल (जमिनीचा चढउतार मोजायची दुर्बीण) खांद्यावर घेऊन. (अकोले, अकोला नव्हे. नगर जिल्ह्यातलं, आता अहिल्यानगर. माझ्या बदलीचं पत्र ऐकून सासरेबुवांनी विदर्भात कोण ओळखीचं आहे याची चौकशी सुरू केली होती.) आमचं कामच हे, की या डोंगरावर पडलेलं पाणी नक्की कोणाच्या ओढ्यात जातं ते ठरवायचं. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

पहिलं, सह्याद्रीची मुख्य धार उत्तर-दक्षिण आहे, हे सगळ्यांना माहीत. पण त्या धारेला पूर्वेकडे फुटलेल्या सोंडा आहेत, आणि त्या पूर्व-पश्चिम पसरलेल्या आहेत. तळहाताची कड म्हणजे मुख्य धार धरा, बोटं म्हणजे सोंडा. कळसूबाईची रांग हे असंच एक बोट. पश्चिमेकडून मोजायला लागलात तर कुलंग, मदन, अलंग, मग कळसूबाई, आणि पुढे पूर्वेला बितनगड, पट्टा, औंढा अशी ती सिन्नरच्या दिशेने उतरत जाते. तुमची लेक बोटाच्या मधल्या पेरावर उभी होती. तळहाताची कड तिथून पश्चिमेला, घाटघरच्या बाजूला राहिली.

आता बोटावर पाणी टाकलं तर ते कुठे जाईल? बोटाच्या दोन्ही बाजूंच्या फटींत. म्हणजे उत्तरेला आणि दक्षिणेला. पूर्व-पश्चिम वाटणी तिथे होतच नाही. तुमच्या म्होरक्याने समुद्र तर चुकवलाच, दिशाही चुकवल्या.

उत्तरेचं पाणी, म्हणजे इंदोरे गावाकडचे ओहोळ, दारणेच्या खोऱ्यात उतरतात. दारणा या रांगेच्या पश्चिम टोकाला कुलंगच्या बाजूला उगवते, इगतपुरी तालुका फिरून नाशिकच्या खाली गोदावरीला मिळते. दक्षिणेचं पाणी प्रवरेच्या खोऱ्यात. यातही एक गंमत आहे, ती भंडारदऱ्याला जाणाऱ्या निम्म्या लोकांना माहीत नसते. बारी गाव भंडारदऱ्याच्या इतकं जवळ, पण बारीचं पाणी भंडारदरा धरणात जातच नाही. ते कृष्णवंती नावाच्या छोट्या नदीतून वाकीच्या तलावात येतं आणि धरणाच्या खाली, रंधा धबधब्याजवळ प्रवरेला मिळतं. म्हणजे भंडारदरा टाळून थेट खालच्या निळवंडे धरणात. भंडारदऱ्याचा जलाशय भरतो तो घाटघर, रतनवाडी, पांजरे, उडदावणे या पश्चिमेच्या गावांच्या पाण्यावर. वाकीवरून आठवलं : पलीकडे इगतपुरी तालुक्यातही वाकी आहे, तिथेही धरण आहे, आणि ते पाणी दारणेला जातं. एकाच रांगेच्या दोन बाजूंना दोन वाक्या. आमच्या कचेरीत एकदा एका वाकीचे कागद दुसऱ्या वाकीच्या फायलीत महिनाभर पडून होते.

वाटणी डोळ्याने बघायची असेल तर शिखरावर जायची गरजच नाही. घोटीहून बारीला येताना खिंड लागते. तीच दोन तालुक्यांची हद्द, तीच दोन जिल्ह्यांची. जुलैत तिथे पावसात उभे राहा. मी राहिलोय, कारण धुकं इतकं उतरलं होतं की दहा पावलांवर धरलेल्या पट्टीवरचे आकडे दिसत नव्हते, आणि स्टाफमन व मी एका प्लास्टिकच्या कागदाखाली दीड तास बसून होतो. करायला काही नव्हतं म्हणून रस्त्यावरचं पाणी बघत बसलो. डांबराचा माथा जिथे आहे, तिथे पाण्याला चक्क विचार पडल्यासारखा होतो. वीतभर अलीकडचं घोटीकडे निघतं, वीतभर पलीकडचं बारीकडे. मध्ये एक जागा अशी होती की थेंब पडायचा आणि जरा वेळ तिथेच थबकायचा. ट्रक गेला की चाकाने इकडचं तिकडे व्हायचं. एका टायरने दारणेचं पाणी प्रवरेला दिलं, कुठे नोंद नाही!

पण शेवटी फरक पडत नाही, आणि मुलीला हेच सांगा. दारणेचं पाणी गोदावरीतून नांदूरमध्यमेश्वरच्या बंधाऱ्यावरून, कोपरगावावरून खाली येतं. प्रवरेचं पाणी अकोले, संगमनेर, ज्ञानेश्वरांचं नेवासं असं करत येतं. दोघं भेटतात प्रवरासंगमला, टोका गावाजवळ. ती जागा आज जायकवाडीच्या फुगवट्यात आहे. म्हणजे मुलीच्या बाटलीचे दोन अर्धे डोंगरावर चार पावलांच्या अंतराने वेगळे झाले आणि पार पैठणच्या वरच्या अंगाला पुन्हा एकत्र आले. ज्या पाण्यावरून नाशिक-नगर आणि मराठवाडा दर दुष्काळात कोर्टात उभे असतात, ते हेच.

कळसूबाईपासून अरबी समुद्र सरळ रेषेत शंभरेक किलोमीटर. तिचं पाणी मात्र त्याच्याकडे पाठ करून चौदाशेच्या आसपास किलोमीटरचा पल्ला मारून आंध्रात समुद्राला मिळतं. जवळचा नातेवाईक सोडून लांबच्याकडे जेवायला जाणारे काही लोक असतात, तसं.

खरी वाटणी बघायची असेल तर घाटघरला कोकणकड्यावर जा. पाठीमागचं पाणी प्रवरेचं, पायाखालून कड्यावरून पडलं ते कोकणाचं. तिथे सरकारने आणखी एक उद्योग करून ठेवलाय. २५० मेगावॉटचा उदंचन जलविद्युत प्रकल्प. वरच्या तलावातलं पाणी कड्याच्या पोटातून खाली कोकणच्या बाजूला सोडून वीज करतात आणि विजेची मागणी कमी असते तेव्हा तेच पाणी पंपाने वर खेचतात. त्यामुळे त्या एका जागी जलविभाजक रोज ओलांडला जातो, दोन्ही दिशांनी.

आणि उंचीचं म्हणाल तर त्र्यंबकचा ब्रह्मगिरी बघा. कळसूबाईपेक्षा साडेतीनशे मीटरने बुटका. पण मुख्य धारेवर बसलाय म्हणून एका अंगाला गोदावरी आणि दुसऱ्या अंगाला वैतरणा, दोन समुद्रांचं पाणी देतो. छताची उपमा चांगली आहे, पण घराला मधोमध आढं असतं. सह्याद्रीचं आढं एका कडेला सरकलंय. का सरकलं, ते दगडवाल्यांनी सांगावं. मी पाणीवाला.

दगडफूल (पुणे)

दगडवाली हजर आहे. भूशास्त्रात एमएस्सी करते, आणि पहिल्या वर्षाची फील्ड ट्रिप इगतपुरी-कसारा याच पट्ट्यात होती, त्यामुळे राहवत नाही.

आधी लाल पट्टा, कारण तो सोपा आहे आणि मला आवडतो. हा सगळा डोंगर म्हणजे एकावर एक थापलेले लाव्हाचे थर. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे. एक थर आला, थंड झाला, मग पुढचा यायच्या आधी मध्ये बराच काळ गेला की वरचा पृष्ठभाग ऊन-पावसाने कुजून त्याची माती व्हायची. तिच्यात लोह भरपूर, म्हणून ती गंजून लाल. त्यावर पुढचा लाव्हा आला आणि माती खाली गाडली गेली, भाजली गेली. मुलीने विटकरी हा शब्द अगदी नेमका वापरलाय. हात लावून बघायला सांगा, बोटं रंगतात. आमच्या सरांनी एका मुलाच्या पांढऱ्या शर्टावर प्रात्यक्षिक दाखवलं होतं.

आता शिड्या कुठे आहेत ते आठवा. वाट सपाटीवरून चालते, मग एकदम उभा कातळ, तिथे शिडी. वर पुन्हा सपाटी, पुन्हा कातळ. ही रचना लाव्हाचीच. काही थर घट्ट, एकसंध, ते झिजताना उभे तुटतात आणि कडा होतो. काही थर वायूच्या बुडबुड्यांनी पोखरलेले. ती भोकं पुढे पांढऱ्या-हिरवट खनिजांनी भरली, पण दगड ठिसूळच राहिला. तो लवकर झिजतो, त्याचा उतार होतो, माती धरतो, गवत-झाडं तिथे येतात. आपल्या या दगडाला जगभर ट्रॅप म्हणतात, तो स्वीडिशमधला पायरीचा शब्द आहे. बारीच्या शिडीवर धापा टाकत उभ्या असलेल्या माणसाला हे सांगायला जाऊ नका, मी सांगून बघितलंय.

या शिखराचं नाव तर आमच्या अभ्यासक्रमातच आहे. दख्खनच्या लाव्हा थरांचे तीन मोठे गट केलेत. सगळ्यात खालचा, म्हणजे सगळ्यात जुना, तो कळसूबाई उपगट. त्यात जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी आणि भीमाशंकर असे टप्पे येतात. त्याच्यावर लोणावळा उपगट, सगळ्यात वर वाई उपगट. थर दक्षिणेकडे किंचित कललेले आहेत, त्यामुळे दक्षिणेला जाल तसे वरचे, नवे थर दिसतात. म्हणून मौज अशी की महाबळेश्वरचा माथा कळसूबाईपेक्षा दोनशे मीटरने खाली, पण तिथला दगड नवा. आणि कळसूबाई उंच, पण बहुतेक दगड जुना. परीक्षेत मी हे उलटं लिहून आले होते. पुन्हा चुकणार नाही.

इगतपुरीच्या आसपास दगडात पांढरट, लांबट स्फटिक दिसले तर थांबा. काही ठिकाणी बोटाच्या पेराएवढे असतात, काळ्या खडकात विस्कटून पडलेल्या काड्यांसारखे. लाव्हा वर यायच्या आधी जमिनीखाली निवांत मुरत बसला होता, त्याशिवाय एवढे स्फटिक वाढत नाहीत. हे थर सहज ओळखू येतात, म्हणून एक टप्पा संपून दुसरा कुठे सुरू होतो ते ठरवायला खुणेच्या दगडासारखे कामी येतात.

आता पाटकरी काकांनी माझ्याकडे टोलवलेला प्रश्न, आढं कडेला का. समुद्राकडची बाजू उभी आहे. कोकणातल्या नद्या आखूड आणि खड्या उताराच्या, त्यात पाऊस सगळा त्यांच्या वाट्याला. त्या कड्याला खालून खात-खात मागे, म्हणजे पूर्वेला ढकलतात. कडा मूळचा कितीतरी पश्चिमेला होता, तो सरकत आज आहे तिथे आलाय. म्हणजे पाण्याची वाटणी जिथे होते, ती जागा डोंगरांच्या उंचीवर ठरलेली नाही. कड्याची झीज आज जिथवर पोचलीये, तिथे ती आहे. कळसूबाईचं उंच असणं हा वेगळा हिशेब. उत्तरेला दारणा आणि दक्षिणेला प्रवरा यांनी आपापली खोरी कोरून काढली, मध्ये जे खायचं राहिलं ती ही रांग. कळसूबाई कुठून वर उचलली गेलेली नाही. आजूबाजूचं गेलं, ती उरली.

मुलीला सांगा, तिच्या छताच्या प्रश्नावर आमच्या वर्गात अख्खा तास गेला होता.

बारीकर (सध्या सातपूर, नाशिक)

गावाचं नाव वाचलं म्हणून लिहितो. मी बारीचा. कंपनीत शिफ्ट करतो, सुट्टीला गावी. वडील शनिवार-रविवारी वाटेवर ताक आणि लिंबू सरबत घेऊन बसतात. तुम्ही रात्री चढलात म्हणजे त्यांची भेट उतरतानाच झाली असेल, विहिरीच्या खालच्या अंगाला. पाणी नसताना तुम्ही विहिरीपर्यंत आलात हे नशीब. उन्हाळ्यात त्या विहिरीच्या भरवशावर राहू नका.

पाटकरी काकांनी पाण्याचं बरोबर सांगितलं. आम्हाला हे शिकावं लागत नाही, कारण पाऊस कुठे किती पडतो यावर भात ठरतो. घाटघर-रतनवाडीला चार-पाच हजार मिलिमीटर पाऊस, आणि त्याच तालुक्याच्या अकोले गावाला जेमतेम पाचशेच्या आसपास. पन्नास-साठ किलोमीटरचं अंतर. घाटघरचा माणूस इरलं पांघरून चिखलात, आणि अकोल्याचा आभाळाकडे बघत. आमची बारी मध्ये. ढग पश्चिमेकडून येतो, आधी कुलंग-अलंगला अडतो, मग आमच्या आईला. आषाढात शिखर आठवडा-आठवडा दिसत नाही. गावात कुणी विचारलं पाऊस किती, तर आम्ही म्हणतो, आईने तोंड धुतलं नाही अजून.

आई म्हणजे कळसूबाई. तुमच्या म्होरक्याने ती गोष्ट सांगितली का? आमच्याकडे अशी सांगतात. कळसू ही कोळ्याची पोर, रानात हिंडायची आवड. डोंगराखाली इंदोऱ्याला एका घरी कामाला राहिली. अट एकच, भांडी घासणार नाही आणि केर काढणार नाही. एक दिवस घरातल्या कुणीतरी दोन्ही करायला लावलं. तिने केलं, बोलली काही नाही, आणि सरळ डोंगर चढून वर गेली ती उतरलीच नाही. भांडी घासली ती जागा थाळेमेळ, केर टाकला तो काळदरा. आम्ही महादेव कोळी, त्यामुळे ती आमच्या घरचीच. नवरात्रात जत्रा असते तेव्हा या. म्हातारी माणसं अनवाणी चढतात आणि पोरांच्या आधी वर पोचतात. पूर्वी शिड्या नव्हत्या तेव्हा साखळदंड होते, आजी धरून चढलेली आहे.

झाडांचं कुणी काही लिहिलं नाही म्हणून सांगतो. खालच्या टप्प्यात हिरडा, बेहडा, जांभूळ, करवंद. हिरडा आमचा पैसा आहे, बाळहिरडा गोळा करून वाळवून विकतात. मधल्या उतारावर कारवी. ती सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते, फुलली की त्या वर्षीचा मध वेगळाच लागतो. पावसाळा सरताना माथ्याखालचे पठार सोनकीने पिवळे होतात, तेरड्याने गुलाबी. फोटोवाले तेव्हाच येतात आणि नेमके त्याच्यावरच बसतात. काजवे बघायचे तर मेच्या शेवटी, पहिला पाऊस पडायच्या तोंडावर. हिरड्या-सादड्याचं झाड सगळं मिळून एकदम पेटतं, एकदम विझतं. टॉर्च मात्र बंद ठेवा, काजवे टॉर्चला वैतागतात आणि आम्हीही.

सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, १९८६ पासून. बिबट्या आहे. रात्री अडीचला चढलात म्हणता, त्याने तुम्हाला पाहिलं असेल, तुम्ही त्याला नाही.

थंडीचं म्हणाल तर गाव आणि शिखर यांच्यात आठशे मीटरच्या वर फरक आहे, पाच अंशांचा फरक नुसता उंचीने पडतो, वारा वेगळा. वर चहा पटकन उकळतो असं लोकांना वाटतं. उकळतो खरा, पण चौऱ्याण्णव-पंच्याण्णव अंशांलाच, म्हणून पावडर जास्त टाकावी लागते. हे मला कंपनीतल्या बॉयलरवाल्याने सांगितलं. वडील आधीपासून जास्त टाकतच होते.

अनवाणी

बरं बाबा, हरलो. पण निदान शिखरावरून अरबी समुद्राकडचा एखादा तरी डोंगर दिसतो का, की तेही नाही?

बारीकर

दिसतो की. पश्चिमेला अलंग-मदन-कुलंग तर अगदी समोर, त्यांच्या पलीकडे कोकण. दक्षिणेला खाली भंडारदऱ्याचं पाणी, त्याच्या मागे रतनगड, त्याचा खुटा, म्हणजे सुळका, ओळखू येतो. तिथून पुढे आजोबा, हरिश्चंद्रगड. वायव्येला ब्रह्मगिरी, अंजनेरी. हवा धुतलेली असेल तर उत्तरेला सप्तशृंगी, धोडप. साल्हेर दिसला तर त्या दिवशी लॉटरीचं तिकीट घ्या. तो राज्यातला दोन नंबरचा, १५६७ मीटर. दिवाळीनंतरचे पंधरा दिवस बरे. मार्चनंतर वणव्याचा धूर आणि धूळ, हात लांबवला तर हात दिसतो एवढंच.

लेकीचा बाबा (ठाणे)

सगळ्यांचे मनापासून आभार. प्रिंट काढून दिलीये. प्रकल्पातले दोन्ही बाण तिने खोडले. नवे काढलेत, एक वरती इंदोऱ्याकडे, एक खाली वाकीकडे (अकोल्याच्या, तिने कंसात लिहिलंय), आणि दोन्ही लांब वळसा घालून जायकवाडीत. आंध्रापर्यंत न्यायला कागद पुरला नाही, म्हणून मागच्या पानावर चिकटपट्टीने जोडलाय. शाळेत मार्क जातील का याची तिला फिकीर नाही, मला जरा आहे.

ताकवाले काका आठवले! निळी टोपी? उतरताना त्यांच्याकडेच प्यायलो, दोन-दोन ग्लास. पैसे द्यायला गेलो तर सुट्टे नव्हते, त्यांनी 'पुढच्या वेळी' म्हणून सोडून दिले. दादा, तुम्हाला व्यक्तिगत निरोपात लिहितो, ते पैसे कसे पोचवायचे ते कळवा.

पाटकरी काका, तिचं आता नवं टुमणं. म्हणते, बाटली वेगळी झाली ती जागा पाहिली, आता एकत्र आली ती जागा बघायची. मे महिन्यात औरंगाबादला (हो, छत्रपती संभाजीनगर) लग्न आहे, नगरवरून गेलो तर वाटेत प्रवरासंगम लागतं ना? काय बघायला मिळेल?

पाटकरी (संगमनेर)

लागतं, अगदी रस्त्यावर. पुलावर गाडी थांबवू नका, मागचे ट्रकवाले शिव्या घालतात. टोक्याला सिद्धेश्वराचं जुनं देऊळ आहे, कोरीव काम बघण्यासारखं आहे, तिथे उतरा आणि घाटावर जा.

फक्त मे महिन्यात जाताय. जायकवाडीचं पाणी तेव्हा मागे हटलेलं असतं. भरलेल्या धरणात गेलात तर नुसती सपाट चादर दिसते, कुठली गोदा आणि कुठली प्रवरा काही कळत नाही. मेमध्ये पाणी उतरलेलं असलं तर दोन्ही पात्रं वेगळी ओळखू येण्याची शक्यता जास्त, पण मग चिखल, आणि त्या चिखलात लोकांनी लावलेली कलिंगडं. लेकीला आधीच सांगून ठेवा की निळं पाणी दोन्हीकडून येऊन मिळतंय असं चित्र दिसणार नाही, नाहीतर घरी जाऊन पुन्हा प्रश्न टाकेल. टाकला तरी हरकत नाही म्हणा. आणि बाटली या वेळी भरलेली राहू द्या, मेमध्ये तिकडे ऊन मी म्हणतं.

बारीकर

निळी टोपीच. पैसे राहू द्या, पुढच्या वेळी या तेव्हा द्या. बाबा म्हणाले, ती पाणी ओतणारी पोरगी ना, लक्षात आहे.